‘बायल्या’, ‘छक्का’ ऐकून गप्प बसवत नाही, पण बोलायचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा धाकटा भाऊ गे आहे. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. गेली काही वर्षं आम्ही पाच-सहा जण शाळांमध्ये, बचत गटांच्या बैठकांना आणि कॉलेजच्या शिबिरांना जाऊन समलिंगी आणि पारलिंगी माणसांबद्दल बोलतो. हात वर करून सहसा कुणी काही विचारत नाही. म्हणून कोऱ्या चिठ्ठ्या वाटतो आणि एक रिकामा डबा फिरवतो. त्या डब्यातून पुन्हापुन्हा निघणारे प्रश्न इथे घेतले आहेत, बहुतेक जसे लिहिले होते तसेच. उत्तरं माझी आहेत आणि ती मुख्यतः जे स्वतः गे किंवा ट्रान्स नाहीत त्यांच्यासाठी आहेत. रोज टोमणे खाणाऱ्यानेच रोज उठून सगळ्यांना समजावतही बसावं, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. बोलायची पाळी आधी आपली आहे.

गे, ट्रान्स, तृतीयपंथी, हिजडे हे सगळे एकच ना?

नाही. माझा जीव कुणावर जडतो हा एक प्रश्न आणि मी स्वतः कोण आहे हा दुसरा. माझा भाऊ पुरुष आहे, आपल्या पुरुष असण्याबद्दल त्याला कधी शंका नव्हती. त्याचं प्रेम पुरुषावर आहे, म्हणून तो समलिंगी किंवा गे. जन्माला आल्यावर जिला सगळ्यांनी मुलगा म्हटलं पण जी स्वतःला मुलगी म्हणून ओळखते ती पारलिंगी किंवा ट्रान्स स्त्री. याच्या उलट तो ट्रान्स पुरुष. ट्रान्स पुरुषांची आठवण कुणालाच होत नाही, कारण आपल्या डोळ्यांसमोर साडी नेसून टाळी वाजवणारी एकच प्रतिमा असते.

हिजडा समाजाची स्वतःची घराणी आहेत, नायक, गुरू आणि चेले अशी रचना आहे. प्रत्येक ट्रान्स स्त्री त्यात असतेच असं नाही. सरकारी कागदावर ‘तृतीयपंथी’ लिहितात. काहींना हा शब्द चालतो, काही जणी विचारतात की मग पहिला पंथ कोणता आणि तो पहिला कुणी ठरवला. ‘छक्का’ ही निव्वळ शिवी आहे. ‘हिजडा’ हा शब्द त्या समाजातली माणसं अभिमानाने वापरतात, पण बाहेरच्यांच्या तोंडी तो बहुतेक वेळा शिवीसारखाच येतो. कुठला शब्द वापरावा कळत नसेल तर नाव विचारा आणि नावाने हाक मारा.

हे सगळं परदेशातून आलेलं खूळ आहे. आपल्या संस्कृतीत हे होतं कुठे?

परदेशातून आला तो कायदा. इंग्रज अधिकारी मेकॉले याच्या आयोगाच्या मसुद्यावरून १८६० साली भारतीय दंडसंहिता झाली आणि तिच्यात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ वं कलम बसलं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात तर हिजड्यांची पोलिसांकडे नोंद करण्यासाठी वेगळा भागच होता. तो आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. नोंद झालेल्याने चारचौघांत बाईचे कपडे घातले किंवा नाचलं तरी अटक व्हायची. मूल दत्तक घ्यायला बंदी, मृत्युपत्र करायला बंदी. गुरूने आयुष्यभर जमवलेलं चेल्याच्या नावावर करायची वाटच बंद केली.

त्याआधीचं पाहायचं तर महाभारतात शिखंडी आहे, विराटाच्या घरी राजकन्येला नृत्य शिकवणारी बृहन्नडा आहे. कोल्हापूर-सांगलीकडे यल्लम्माचे जोगते, म्हणजे देवीला वाहिलेले, बऱ्याचदा साडी नेसणारे पुरुष, डोक्यावर देवीचा जग (मूर्ती ठेवलेली परडी) घेऊन आजही दारी येतात. आणि विठ्ठलाला आपण सातशे वर्षं माऊली म्हणतो आहोत, पुरुष देवाला आई म्हणताना कुणाची जीभ अडखळली नाही.

मात्र पूर्वी सगळं छान होतं असंही मी म्हणणार नाही. जोगत्याच्या पाया पडणारं घर त्याला पंगतीला बसवत होतंच असं नाही. बाळ जन्मल्यावर आशीर्वाद घ्यायला बोलवायचं आणि त्याच व्यक्तीने भाड्याने खोली मागितली की ‘आमच्याकडे फॅमिलीच ठेवतो’ म्हणायचं, हे आजही चालू आहे.

हा मानसिक आजार नाही का? गोळ्या-औषधांनी बरा होतो असं ऐकलं.

आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. पारलिंगी असणंही त्यांच्या नव्या वर्गीकरणात मानसिक आजारांमध्ये धरलेलं नाही. आपला २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की समाजाच्या नैतिक किंवा धार्मिक समजुतींशी कुणी जुळत नाही एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही.

तरी औषधं देणारे भेटतात. माझ्या आईवडिलांनी भावाला शहरातल्या एका डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, सहा महिन्यांत फरक पडेल म्हणाले आणि पुढच्या वेळेस येताना मुलीचे फोटो पाहून ठेवा असंही सांगितलं. गोळ्यांनी तो दिवसभर पेंगायचा, अभ्यास बुडाला, बाकी काहीही बदललं नाही. बदलणारच नव्हतं. २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयाने असल्या ‘उपचारां’वर बंदी घालायला सांगितलं आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने हे उपचार म्हणजे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे असं जाहीर केलं. आज कुणी असं औषध लिहून दिलं तर डॉक्टर बदला आणि राज्याच्या वैद्यक परिषदेकडे तक्रार करा. मुलाला समुपदेशकाकडे न्यायचंच असेल तर त्याच्या मनावर साचलेल्या ताणासाठी न्या. आणि तुम्हीही जा. मला वाटतं, गरज बहुतेक वेळा पालकांनाच जास्त असते.

लग्न लावून दिलं की मार्गाला लागतील ना?

या प्रश्नाच्या चिठ्ठ्या सर्वांत जास्त येतात, बहुतेक बायकांच्या अक्षरात. म्हणून जरा सविस्तर.

कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात समोर बसलेल्या त्या मुलीचा विचार करा. तिने नोकरी सोडली असेल, गाव बदललं असेल. लग्नानंतर नवरा जवळ येत नाही तेव्हा ती आधी स्वतःलाच दोष देते. मी काळी आहे म्हणून, जाड आहे म्हणून. दोन वर्षांनी सासू विचारते, ‘पाळणा कधी?’ आणि उपासतापास तिलाच करावे लागतात. नवऱ्याचा दोष म्हणावा तर तोही आईने विष घ्यायची धमकी दिली म्हणून बोहल्यावर चढलेला असतो. मुलगी लेस्बियन, म्हणजे स्त्रीवर प्रेम करणारी, असेल तर चित्र आणखी भयंकर होतं, कारण तिची इच्छा आहे की नाही हे लग्नानंतर कुणी विचारतच नाही.

एका बैठकीनंतर पन्नाशीच्या एक बाई थांबल्या. सगळ्या निघून गेल्यावर म्हणाल्या, ‘बाई, माझे मिस्टर तसे होते. वाईट नव्हते. पण मला कुणी विचारलं नाही आणि त्यांनाही कुणी विचारलं नाही.’ त्यांच्या संसाराला तेव्हा सत्तावीस वर्षं झाली होती. या प्रश्नावर मी त्याहून जास्त काही सांगू शकत नाही.

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काका असले विनोद टाकतात. मोठे आहेत, त्यांना काय बोलणार?

ग्रुपवर तीस माणसं आहेत असं धरा. काकांनी साडी नेसलेल्या पुरुषाचा व्हिडिओ टाकला, पाच जणांनी हसण्याचे चेहरे टाकले, बाकीचे गप्प. त्या गप्प बसलेल्यांत एखादा सतरा वर्षांचा भाचा किंवा पुतणी असू शकते. ती हसणारे मोजत असते. आत्या हसली, म्हणजे हिला सांगायचं नाही. मामा हसला, म्हणजे त्यालाही नाही. काका हे जाणूनबुजून करत नसतील, पण त्या मुलीसाठी घरातलं एकेक दार बंद होत जातं. माझा भाऊ अगदी हेच करत होता, व्हॉट्सॲप यायच्या आधी, लग्नाच्या पंगतींत. कोण कशावर हसलं याची त्याने मनातल्या मनात यादी केली होती. त्या यादीत मी होते हे त्याने मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं.

म्हणून लगेच बोला आणि थोडक्यात बोला. ‘काका, हा नको. मला नाही आवडला.’ एवढं पुरतं. ग्रुपवर कायद्याची कलमं टाकू नका, भांडण काढू नका. चार लोकांत मोठ्यांचा पाणउतारा झाला की ते हट्टाला पेटतात आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. संध्याकाळी फोन करा. ‘काका, तुम्हीच आम्हाला लहानपणी कुणाच्या व्यंगावर हसलो तर ओरडायचात’ असं काही त्यांच्याच स्वभावातलं आठवून द्या. माणूस आपल्याच चांगुलपणाची आठवण सहसा झिडकारत नाही.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. ‘आपल्या घरात पण कुणी तसं असेल’ असं म्हणताना कुणाकडे बोट जाईल असं बोलू नका. तुम्हाला कुणाबद्दल माहीत असेल तर ते सांगायचा हक्क त्या माणसाचा आहे. त्याची बाजू घेण्याच्या भरातसुद्धा तो आपल्याकडे येत नाही.

आणि काका ऐकले नाहीत तर? तरीही बोलणं वाया जात नाही. तुमचं वाक्य काकांपेक्षा त्या सतरा वर्षांच्या मुलीने वाचलेलं असतं.

वर्गात एका मुलाला सगळे ‘बायल्या’ म्हणतात. शिक्षकांनी काय करावं?

त्याच क्षणी थांबवा. तास संपल्यावर नको, मधल्या सुट्टीत नको. ‘हा शब्द माझ्या वर्गात चालणार नाही’ हे सगळ्यांसमोर आणि शांतपणे सांगा. मी पुढे एक प्रश्न विचारते: या शब्दात ‘बाई’ आहे, मग बाई असणं ही शिवी कशी झाली? मी बाई आहे, तुमची आई बाई आहे. आठवीच्या वर्गात हे विचारल्यावर जी शांतता पसरते ती मला फार महत्त्वाची वाटते. मुलं मूर्ख नसतात, या शब्दाचा विचार करायला त्यांना कुणी लावलेलं नसतं एवढंच.

त्या मुलाला मात्र ‘जरा मुलासारखं वाग म्हणजे चिडवणार नाहीत’ असं चुकूनही सांगू नका. स्टाफरूममध्ये मी हे वाक्य किती वेळा ऐकलं आहे! त्यात काळजी असते हे मला कळतं, पण मुलाच्या कानावर पडतं ते एवढंच की चूक तुझी आहे. तो गे आहे की ट्रान्स आहे की यातलं काहीच नाही, हे ठरवायचं काम आपलं नाही. एखादा मुलगा हळुवार बोलतो, रांगोळी सुंदर काढतो, एवढंच असू शकतं.

स्वच्छतागृहाकडे लक्ष ठेवा. चिडवाचिडवी वर्गात सुरू होते आणि तिथे मारहाणीपर्यंत जाते. असा मुलगा शाळेत दिवसभर पाणी पीत नाही, कारण पाणी प्यायलं की तिथे जावं लागेल. पुढे पोट दुखतं म्हणून घरी राहायला लागतो, मग शाळाच सुटते. आमच्या शाळेत एका मुलाचं हे असंच झालं आणि मला कारण कळेपर्यंत त्याचं नाव पटावरून गेलं होतं. तेव्हापासून गैरहजेरीचं पान मी वेगळ्या नजरेने वाचते.

पालकांना बोलावून ‘तुमच्या मुलाचं असं असं आहे’ सांगू नका, त्याला घरी मार बसू शकतो. पालकांना बोलवायचंच असेल तर चिडवणाऱ्यांच्या बोलवा. कॉलेजात असाल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ पासून लैंगिक कल आणि पारलिंगी ओळख यांवरून दिलेला त्रासही रॅगिंग धरला जातो. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे.

लोकलमध्ये टाळ्या वाजवून पैसे मागतात, कधीकधी दादागिरी करतात. मग राग नको यायला?

कुणी अंगाला हात लावला, शिवीगाळ केली, तर राग येणार आणि तो योग्यच आहे. पैसे द्यायचे नसतील तर ‘नाही ताई’ म्हणा. पण एका बाईने त्रास दिला म्हणून सगळ्यांवर शिक्का मारू नका. रिक्षावाल्याने जास्त पैसे घेतले म्हणून आपण सगळ्या रिक्षावाल्यांच्या मुलांना शाळेतून काढत नाही.

आणि मंगतीशिवाय दुसरी वाट होती का, हेही पाहायला हवं. २०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुषांखेरीज ‘इतर’ म्हणून महाराष्ट्रात ४०,८९१ माणसांची नोंद झाली. यातल्या किती जणी तुम्हाला बँकेच्या काउंटरवर, दवाखान्यात, शाळेत भेटल्या? २०२२ पर्यंत आपल्या राज्यात पोलीस भरतीच्या अर्जात दोनच रकाने होते. पारलिंगी उमेदवार प्रशासकीय न्यायाधिकरणात गेल्या, न्यायाधिकरणाने तिसरा पर्याय द्यायला सांगितलं, तर सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं. त्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने खडसावल्यावर रकाना आला. धावायला, लेखी परीक्षा द्यायला मुली तयार होत्या, अडलं होतं ते अर्जावर.

जिथे दार उघडलं तिथे काय झालं तेही सांगते. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने २०१७ साली ज्ञानदेव कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला सरपंच केलं. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटील या ट्रान्स स्त्रीने महिला प्रवर्गातून अर्ज भरला, तो फेटाळला गेला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, जानेवारी २०२१ मध्ये परवानगी मिळवली आणि ग्रामपंचायतीची निवडणूक जिंकल्या. मत देणारी माणसं गावातलीच होती.

तुमचं दुकान असेल, खानावळ असेल, शिवणकामाचं युनिट असेल, तर पुढची जागा निघेल तेव्हा एकीला बोलावून बघा.

ट्रान्स स्त्रिया बायकांच्या स्वच्छतागृहात आल्या तर आम्हाला भीती वाटते.

भीती खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. बाईला सार्वजनिक जागी भीती वाटायला भरपूर कारणं असतात. पण कुणी त्रास दिला तर तो गुन्हाच आहे, करणारं कुणीही असो. आणि साडी नेसलेल्या ट्रान्स स्त्रीला पुरुषांच्या बाजूला पाठवल्यावर तिथे तिचं काय होत असेल, याचा विचार आपल्यापेक्षा चांगला कोण करू शकेल?

कायदा नक्की काय म्हणतो?

मला हा कायदा घरातून कळला. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांमधल्या संमतीच्या संबंधांना गुन्हा ठरवता येणार नाही असं म्हटलं, त्या रात्री भावाने मला पहिल्यांदा सगळं सांगितलं. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. दोन दिवस त्याने फोन उचलला नाही. मध्ये १५ एप्रिल २०१४ ला पारलिंगी व्यक्तींची स्वतःची ओळख सांगण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला, शस्त्रक्रियेची अट न घालता. अखेर ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ३७७ रद्द केलं. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिलं की इतिहासाने या समाजाची आणि त्यांच्या कुटुंबीयांची माफी मागायला हवी. कुटुंबीयांची, हा शब्द वाचून मी रडले होते.

१७ ऑक्टोबर २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क दिला नाही, ते काम संसदेचं आहे असं सांगितलं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं काढायला आणि त्या खात्यासाठी एकमेकांना नॉमिनी नेमायला आडकाठी नाही. बँकेत टाळाटाळ झाली तर हे आवर्जून सांगा.

जे खटकतं तेही लिहिते. २०१९ चा पारलिंगी व्यक्तींचा कायदा आला तेव्हा त्यात लैंगिक अत्याचारासाठीसुद्धा कमाल शिक्षा दोन वर्षांचीच ठेवली होती. बाईवरच्या अत्याचाराला किती कडक शिक्षा आहे ते आपल्याला माहीत आहे. मग ट्रान्स स्त्रीच्या जिवाची किंमत एवढी कमी का? आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३७७ पूर्णच गेल्यामुळे प्रौढ पुरुषावर बळजबरी झाली तर त्यासाठी वेगळं कलमच उरलं नाही. ओळखपत्राचे नियम आणि कागदपत्रं यासाठी ऐकीव माहितीवर न जाता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विचारा.

मुलाने अचानक सांगितलं तर पहिलं वाक्य काय बोलावं?

मी भावाला म्हणाले होते, ‘बरं, पण कुणाला सांगू नकोस.’ मला त्याला वाचवायचं होतं. त्याला ऐकू आलं की ताईलाही लाज वाटते. म्हणून सांगते, दुसरं काही सुचलं नाही तर ‘सांगितलंस ते बरं केलंस’ एवढंच म्हणा. प्रश्न नंतर विचारा. ‘नक्की ना?’, ‘कधीपासून?’, ‘कुणी शिकवलं?’ हे तर विचारूच नका. रडू आलं तर रडा, पण उठून खोलीबाहेर जाऊ नका.

आईला सहा वर्षं लागली. त्या काळात तिच्यावर चिडण्यापेक्षा तिच्याबरोबर बसणं जास्त उपयोगी पडलं असतं, हे मला उशिरा कळलं.

ओळखीच्या मुलीला घरच्यांनी कोंडून ठेवलंय. काय करू?

ती सज्ञान असेल तर कुटुंबालाही तिला डांबून ठेवायचा हक्क नाही. तातडी असेल तर ११२ ला फोन करा. वकिलामार्फत उच्च न्यायालयात देहोपस्थितीची (हेबियस कॉर्पस), म्हणजे तिला न्यायालयासमोर हजर करायला लावणारी, याचिका करता येते. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की अशा प्रकरणात न्यायाधीशांनी तिचा कल बदलण्यासाठी समुपदेशन लादू नये. कुणाच्या मनात जीव द्यायचे विचार येत असतील तर १४४१६ ही टेलिमानसची मोफत सेवा मराठीतही बोलते. तुम्ही स्वतः त्या घरात जाऊन भांडू नका, तुम्ही परतल्यावर मार तिला बसतो.

मुलगी दिवाळीला तिच्या जोडीदार मुलीला घरी आणणार आहे. शेजाऱ्यांना काय ओळख करून देऊ?

मुलीला विचारा. ती ‘मैत्रीण’ म्हणाली तर मैत्रीण, ‘जोडीदार’ म्हणाली तर जोडीदार. तिला कुणालाच काही सांगायचं नसेल तर तुम्हीही सांगू नका. आलेल्या मुलीला काय खायला आवडतं ते आधी विचारून ठेवा, आणि तिच्या आईवडिलांनी तिला घराबाहेर काढलं असेल तर घरच्यांबद्दल खोदून विचारू नका. सणाच्या दिवशी ते फार लागतं.

आमच्या आईने भावाच्या जोडीदाराला पहिली दोन वर्षं ‘पाहुणे’ म्हटलं. आता नावाने हाक मारते. गेल्या नरकचतुर्दशीला त्याला उठायला उशीर झाला, तर उटणं गार होतंय म्हणून त्याला आणि भावाला दोघांनाही एकत्रच ओरडली.